कोऱ्या पाण्याच्या रेषा

प्रयोगशाळेत दुपारच्या उजेडात ते कडे अगदी साधे दिसे. पांढरे, जाडसर, बाळाच्या मनगटात बसेल एवढे. दादाने ते सिरॅमिकच्या भुकटीतून स्वतः भाजून काढले होते आणि तिने, त्याच्या धाकट्या बहिणीने, त्यातून क्वार्ट्झची नळी ओवली होती. कड्यात मायक्रोवेव्ह घुमू लागल्या, नळीत आर्गॉन वायू सोडला आणि एक ठिणगी दिली, की प्लाझ्माची जांभळट ज्योत वर्तुळ धरून उभी राही; मधोमध काळोखाचा एक थेंब. त्या ज्योतीत पाण्याचे तुषार सोडायचे. पाण्यात जे मूलद्रव्य विरघळलेले असेल, ते स्वतःची रेषा संगणकाच्या पडद्यावर उमटवी. शुद्ध पाण्याने पडदा जवळजवळ कोरा राही.

आज तो कोरा राहत नव्हता.

"कॅल्शियम, सोडियम, आणि हे लोह," ती म्हणाली. "दादा, पाणी कुठून भरलंस?"

"तूच भरलंस, चिमणे. माझ्यावर कशाला ढकलतेस?"

तिने पाणी बदलले, नळी धुतली. रेषा तशाच. दादा चहा आणायला गेला आणि रेषा विरल्या. त्यांच्याबरोबर ज्योतही खाली बसली, वात सरल्यासारखी. तो दारात आला तशी ज्योत पुन्हा ताठ झाली.

दादाने गंमत म्हणून दोनदा आत-बाहेर करून पाहिले. "माझ्यात लोखंड आहे, हे एकदा तुझ्या वहिनीला सांग. ती मला मेणाचा म्हणते."

तिला हसू आले नाही. कप ठेवताना त्याचे घड्याळ मनगटावरून थेट बोटांपर्यंत घसरले होते. सकाळी त्याच पट्ट्याचा वळ त्याच्या कातडीवर उमटलेला तिने पाहिला होता.

"तू घरी जा."

"आज? साहेब यायच्या वेळेला?"

साहेब म्हणजे विभागप्रमुख. ज्योत त्यांच्यासमोर स्थिर राहिली तरच प्रकल्प पुढे चालणार होता. दादाचा कारखाना बंद पडल्यावर तिनेच शब्द टाकून त्याला इथे आणले होते. प्रकल्प बुडाला की तो पुन्हा घरी बसणार, खिडकीकडे तोंड करून, महिनोन्महिने मुका. ते मौन दोघांनाही आठवत होते. म्हणूनच तो हलला नाही.

साहेब आले. दादा कड्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

ज्योत उंचावली. एवढी स्वच्छ, एवढी निश्चल ज्योत तिने कधी पाहिली नव्हती.

"वा!" साहेब म्हणाले. "आणखी थोडा वेळ चालू द्या. बंद पडली नाही, तर माझी सही झालीच म्हणून समजा."

पडद्यावर रेषा चढत होत्या. फॉस्फरस. पोटॅशियम. मॅग्नेशियम. या सगळ्यांना एकत्र नांदवणारे घर म्हणजे माणसाचे शरीर, हे तिला ठाऊक होते.

"दादा, मागे हो."

"गप गं." त्याचा आवाज कोरड्या पानासारखा आला. "छान चाललंय."

तिने वीज तोडली.

"अहो मॅडम, हे काय करताय?" साहेब ओरडले.

कड्याची घरघर थांबली. ज्योत थांबली नाही.

तिने आर्गॉनची चावी आवळली. तुषार बंद केले.

ज्योत दादाकडे किंचित कलली.

त्याच्या ओठांवर हसू होते. डोळे मिटत आले होते.

तिने त्याचा दंड धरला आणि जीव खाऊन ओढले. एवढा जोर लागलाच नाही. दादा इतक्या सहज आला, की दोघे धडपडत बाहेर पडली. मागे दार लागले.

काचेतून तिने पाहिले. नळी रिकामी होती.

साहेब काही वेळाने बाहेर आले. "सही विसरा," म्हणाले आणि निघून गेले.

व्हरांड्यात नवा सोफा होता. ती त्यावर कोसळली. दादा शेजारी बसला, नेहमीसारखे पाय पसरून. चेहऱ्यावर रंग होता, डोळ्यांत खट्याळपणा होता. तिच्या जिवात जीव आला.

"बघ, धडधाकट आहे," तो म्हणाला. "नोकरी मात्र घालवलीस, बये."

"दुसरी शोधू," ती म्हणाली. रडू आवरण्यासाठी तिने मान खाली घातली.

तिच्याखाली गादी खोल दबली होती. दादाच्या खाली ती सपाट होती.