सकाळी न उठणारी मोटर

"घातपात आहे हा, बाई!" नावाडी रडकुंडीला आला होता. "सकाळी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो, तरी मोटर ढिम्म. दुपारी मात्र एका झटक्यात चालू!"

नावेमागे लटकणारी ती मोटर त्याच्या आजोबांच्या काळातली. पलीकडच्या कारखान्याचे कामगार याच नावेनं खाडी ओलांडत. मुकादमानं बजावलं होतं, उद्या पुन्हा उशीर झाला तर परवापासून कामगारांसाठी बस. आणि बस म्हणजे नावाडी उपाशी.

डिटेक्टिव्ह बाईंनी पर्स उचलली. मागोमाग त्यांचे यजमान निघाले. पहिला दिसेल त्याला गुन्हेगार ठरवायचं, ही यजमानांची पद्धत.

"चोरांची भीती, म्हणून संध्याकाळी घरी आणतो," नावाड्यानं दार उघडलं.

मोटर पलंगावर आडवी. अंगावर रजई, पाणी कापणाऱ्या पंख्याकडच्या तिच्या लांब पायाखाली दोन उशा.

"दिवसभर पाय पाण्यात असतो हो तिचा. सुजला तर?"

"आणि तुम्ही?"

"मी खाली. बायको माहेरी."

मेकॅनिक दारातच भेटला. "सकाळी प्लग ओला निघतो. मी नवा बसवतो, दुसऱ्या दिवशी तोही ओला."

"पेट्रोलचा वास येतो?"

"काय माहीत. मला बारमाही सर्दी."

पेट्रोल विकायचा नावाड्याचा मेव्हणा.

"पेट्रोलात पाणी घालता?" बाईंनी थेट विचारलं.

"थोडंसं. पण नळाचं, चांगलं गोडं! आणि तेच पेट्रोल दुपारी कसं चालतं?"

"हाच तो!" यजमान ओरडले.

"तुम्ही गप्प बसा हो."

सकाळी धक्क्यावर कामगार जांभया देत उभे होते. मोटर नावेला लावून नावाडी ओढून ओढून थकला. बाईंनी प्लग काढला, त्यावरचा थेंब जिभेला लावला.

"खारट."

"बघा! मेव्हण्यानं मीठपण घातलं!" यजमान म्हणाले.

"अहो, खाडीचं पाणी आहे हे. मोटरच्या पायात थोडं साचून राहतं. उभी असते तोवर ते खालीच. पण आडवी करून पाय उशांवर चढवला, की आतल्या वाटेनं थेट डोक्यात उतरतं, सिलेंडरमध्ये. रात्रभर प्लग भिजतो. मग सकाळी ठिणगी कुठून पडणार? दिवसभर ती उभीच, म्हणून दुपारी तक्रार नाही."

नावाडी पांढरा पडला. "म्हणजे मीच?"

"तुम्हीच. लाड करून."

"मग आजपासून उभी ठेवतो! बरी होईल ना?"

बाईंनी प्लग लावून दोरी ओढली. ती वीतभर आली, आत काहीतरी करकरलं आणि दोरी अडकली. पुन्हा ओढली. जागची हलेना.

"खाऱ्या पाण्यानं आत गंज चढलाय," बाई हळूच म्हणाल्या.

सोबत आलेल्या मेकॅनिकनं टोपी काढली.

नावाड्यानं स्क्रू सैल केले, मोटर उचलून धक्क्यावर ठेवली आणि वल्ही हातात घेतली. मागचं ओझं गेल्यावर नाव झपझप निघाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच कामगार भोंग्याआधी पोचले.

मुकादमानं त्याची पाठ थोपटली. म्हणाला, "वा! आजच्यासारखं रोज केलं असतंस, तर कालच बस कशाला ठरवून टाकली असती?"

बस दुसऱ्या दिवशी वेळेवर आली.