तीन नंबरचा वाफा

"हाड्! हाड्! कान्हा, अडव त्या बोक्याला!"

शालू खुरपं उगारून धावली. बोका कुंपणावरून उडी मारून पसार झाला. पण भेंडीच्या तीन नंबरच्या वाफ्यात त्याने वीतभर खड्डा करून ठेवला होता.

"रोज तीन नंबरच!" छोटी गोदा म्हणाली. "बाकीच्या वाफ्यांत एक मांजर पण जात नाही."

शालू आणि कान्हा एकमेकांकडे बघतच राहिले. मांजरांना तिथे मासळीचा वास येत होता तर!

१९८९ सालची मे महिन्याची सुट्टी होती. बाळकुमच्या कोळी बायकांच्या मंडळाने खाडीकाठच्या मोकळ्या जागेत भाजी पिकवायचं ठरवलं होतं. वाद होता तो खताचा. शालूची शेवंतीआजी खड्डा खणून मासळीच्या टाकाऊ भागाचं खत करायची. काहीजणींना मात्र कंपनीची पांढरी पावडर हवी होती. पावडर सरस ठरली, की आजीचा खड्डा बुजवायचा असं ठरलं होतं.

"भांडता कशाला? प्रयोग करू!" शेतकी कॉलेजात शिकणारा वर्तकनगरचा उत्तमदादा म्हणाला. एकात आजीच्या टोपलीतली मासळी, एकात पावडर, एकात शेण आणि एक नुसताच, असे चार वाफे. कुठे काय घातलंय ते फक्त त्याला ठाऊक. त्याचा कागद बंद पाकिटात. "म्हणजे मोजताना कोणी लबाडी करणार नाही!"

पोरं रोज भेंडी तोडायची, तोलायची, वहीत लिहायची. उत्तमदादाचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. शालू तर अक्षरही त्याच्यासारखंच काढायला लागली होती.

दादा सायकलवरून येताच तिघं त्याला बिलगली. "दादा, तीन नंबरात मासळी आहे ना? आजी जिंकणार!"

दादाचे कान लाल झाले. "मांजरं काय, कुठेही उकरतात. आणि बाहेर बोलू नका हं, प्रयोग फुकट जाईल!"

दादा म्हणाला म्हणजे झालं. तिघं गप्प बसली.

रविवारी सभा भरली. दादाने पाकीट फोडलं.

"सगळ्यात जास्त भेंडी तीन नंबरला. आणि तीन नंबरात होती... कंपनीची पावडर! मासळी होती एक नंबरात."

टाळ्या पडल्या. शेवंतीआजीने नुसता पदर सावरला. "जाऊ द्या बायांनो. बुजवा खड्डा."

शालूला ऐकवेना. खोटं! चक्क खोटं! आणि तेही दादा? आपण तोंड मिटून बसलो, ते यासाठी?

तेवढ्यात कान्हाने तिला चिमटा काढला आणि भोळा चेहरा करून विचारलं, "दादा, तीन नंबरात चुकून थोडी मासळी पडली असेल ना रे?"

"छे! मी स्वतःच्या हाताने पावडर घातली. एक काटा सापडायचा नाही!"

"मग चला ना, उकरून बघू!" शालू ओरडली.

दादा "अगं, कशाला" म्हणेपर्यंत अख्खी सभा वाफ्यावर पोचली. आजीने खुरपं मारलं. मातीत खवले चमकले. एक, दोन, मूठभर!

"यी बोय माशांची खवलं! माझ्याच टोपलीतली!" आजी म्हणाली. "मांस कुजतं रं पोरा, खवलं लवकर कुजत नाय. कॉलेजात नाय शिकवत काय?"

कान्हाने एक नंबरही उकरला. तिथे एक खवला निघेल तर शपथ!

दादाची मान खाली गेली. "कंपनीवाले नोकरी देणार होते," तो पुटपुटला. "म्हणून पाकिटातला कागद बदलला."

आजीचा खड्डा वाचला! मंडळाच्या अध्यक्ष सरस्वतीबाईंनी पोरांची वही सगळ्यांना दाखवली. "शाबास रे वाघांनो! रोजच्या रोज तोललंय, कुठे खाडाखोड नाही. आता पुढच्या हंगामाची मोजणी तुम्हीच करायची. इतकं नीट काम तुम्हाला शिकवलं तरी कोणी?"

गोदाने शालूचा हात घट्ट धरला.

"यानेच," शालू उत्तमदादाकडे बोट दाखवून म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.