एकशे बारा पावलांचा बोळ

“मावशी, बॅग तू घे, मी आलेच!”

बस पुरती थांबलीही नव्हती, तोवर भिंगरी खाली उतरून पळत सुटली. मागून मावशी ओरडली, “अगं, थांब! तिकडून नाही—”

पण थांबेल ती भिंगरी कसली! दोन वर्षं तिनं या क्षणाची वाट पाहिली होती. बाबांची बदली झाली आणि घरातलं सगळं सामान ट्रकमध्ये भरून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेले. तिथे रस्ते इतके रुंद की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस ओळखू येत नाही. साधी पेन्सिल आणायची तरी गाडी काढावी लागते. ‘काय गं, कुठे निघालीस?’ असं विचारणारंही कुणी नाही. शाळेत ऑफ तास असला की भिंगरी डोळे मिटून बसायची आणि मनातल्या मनात जुन्या गल्लीतून चालत जायची. आधी बेकरीचा गरम वास, मग लाँड्रीची वाफ, मग मावशीच्या दुकानात किल्ली घासल्याचा कर्रर्र आवाज, मग डावीकडे वळलं की थंडगार बोळ आणि बोळापलीकडे वरच्या गल्लीतला छापखाना.

आता ती खरोखरच पळत होती. बेकरी आली, लाँड्री आली, मावशीचं दुकान आलं. भिंगरी डावीकडे वळली आणि...

धडाम्!

समोर भिंत होती. भिंत कसली, गंजका पत्रा! बोळाचं तोंड वरपासून खालपर्यंत बंद.

“लागलं का?” मागून तिचा मावसभाऊ ढापण्या धावत आला. चष्मा नाकावरून घसरला होता. “आई ओरडत होती ना, तिकडून नाही म्हणून!”

“हे काय आहे?” कपाळ चोळत भिंगरीनं विचारलं.

“पत्रा.”

“ते दिसतंय मला! बोळ कुठे गेला?”

“बंद आहे. चार महिने झाले. आता सवय झाली सगळ्यांना.”

भिंगरी त्याच्याकडे बघतच राहिली. सवय झाली? ती दोन वर्षं रोज मनातल्या मनात ज्या बोळातून चालत होती, तो बंद झाला आणि इथे राहणाऱ्यांना त्याची सवय झाली?

“मग वेतकाका दुकानात कसे जातात?”

ढापण्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. उत्तर द्यायचं नसलं की तो असंच करायचा.

वेतकाका लाँड्रीच्या वर पहिल्या मजल्यावर राहत. त्यांना दिसत नसे. तरी तीस वर्षं ते रोज सकाळी हातात काठी घेऊन बोळातून वरच्या गल्लीतल्या आपल्या दुकानात जात आणि लोकांच्या खुर्च्या वेतानं विणून देत. त्यांच्या विणीत एकही वेत वाकडा दिसायचा नाही. गल्लीत कोणता आवाज कुठून येतो, हे भिंगरीला त्यांनीच शिकवलं होतं.

भिंगरी धावत वर गेली, तेव्हा ते खिडकीशी बसले होते. हात नुसते मांडीवर.

“या पायऱ्या अशा तीन-तीन एकदम चढणारी एकच पोरगी होती,” ते हसून म्हणाले. “आलीस का गं?”

भिंगरीला एकदम रडूच आलं. तिनं ते गिळलं. “काका, तुम्ही दुकानात जात नाही?”

“बोळ होता तोवर सोपं होतं बघ. एकशे बारा पावलं, की दुकान. आता मोठ्या रस्त्यानं वळसा घालायचा. गेलो होतो एकदा. कुणाचा तरी धक्का लागला, काठी उडाली. रस्त्याच्या मधोमध उभा होतो मी, आणि चारी बाजूंनी हॉर्न.” काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं. “महिनाअखेर दुकान सोडतोय. पुतण्या बोलावतोय त्याच्या गावी. चांगला आहे पोरगा.”

“तुम्हाला जायचंय?”

काकांनी खिडकीच्या चौकटीवर बोटं फिरवली. “इथल्या भिंती मला ओळखतात गं. तिथल्या कुठे ओळखतात!”

भिंगरी खाली आली ती दाणदाण पाय आपटतच. लाँड्रीच्या दारात लाँड्रीवाल्या काकूंची मुलगी उभी होती. तिचा फ्रॉक कायम इस्त्रीचा आणि बोलणं त्याहून ताठ, म्हणून तिला सगळे कडक म्हणत.

“माझी सुट्टी फक्त बारा दिवस आहे,” भिंगरी म्हणाली. “बारा दिवसांत तो पत्रा निघाला पाहिजे. कोणी लावला तो?”

कडक आणि ढापण्यानं एकमेकांकडे पाहिलं. कोणी लावला? चार महिन्यांत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता!

मग तिघं विचारायला निघाली. बेकरीवाले काका पाव मोजता मोजता म्हणाले, “छापखान्यानं लावला असणार. त्यांचे कागदाचे गठ्ठे ठेवायला.”

मोठ्या रस्त्याचा वळसा घालून तिघं वरच्या गल्लीत गेली. छापखान्याचे मालक चिडले. “आम्ही? अहो, आमचीच गिऱ्हाइकं तुटली! महापालिकेच्या विभाग कार्यालयानं लावलाय.”

बोळाच्या त्या टोकालाही पत्राच होता, पण त्याला दार होतं आणि दाराला कुलूप. कडक कमरेवर हात ठेवून कुलपाकडे बघत राहिली.

“गंमत बघा. पत्रा गंजलाय, कडी गंजलीये, आणि कुलूप मात्र चकाचक! तेल घातलंय कुणीतरी.”

“म्हणजे कुणीतरी रोज उघडतंय!” ढापण्या पुटपुटला.

विभाग कार्यालय छापखान्याच्या पुढेच होतं. खिडकीतल्या माणसानं वर न बघताच सांगितलं, “काम चालू आहे. मुकादमांना विचारा.”

मुकादमांच्या मिशा झुपकेदार होत्या आणि आवाज त्याहून जाड.

“पाइपाचं काम आहे! पोरांनी तिकडे फिरकायचं नाही!”

“केवढा पाइप आहे हो?” कडकनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

“एवढा!” मुकादमांनी दोन्ही हात पसरले.

“बापरे! आणि खोल किती?”

“पाइप ना? खूप खोल. पण एवढासाच आहे.” आता हात वीतभर अंतरावर आले होते.

बाहेर आल्यावर तिघंही खो खो हसली. मग भिंगरी थांबली. “या माणसानं तो पाइप बघितलेलाच नाही!”

ती दोघांना घेऊन तडक वेतकाकांकडे गेली. “काका, तुमची खिडकी बोळाच्याच बाजूला आहे ना? काम चालल्याचा आवाज येतो?”

“काम? पहिले आठ-दहा दिवस आला. कुदळी, मग दगड बसवल्याचे ठोके. त्यानंतर काही नाही.” काकांनी मान कलती केली. “हां, पण रोज सकाळी पावणेदहाला पत्रा घासतो. आणि संध्याकाळी सव्वासहाला बोळात एक स्कूटर सुरू होते. दोनदा खोकते आणि मग लागते.”

“स्कूटर? बंद बोळात? काका, तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलं नाही, बाळ.”

तिघं धडाधड गच्चीत पळाली. तिथे लाँड्रीच्या ओल्या चादरी फडफडत होत्या. चादरींखालून वाकून कठड्याशी गेली आणि एकदमच त्यांनी खाली पाहिलं.

ना खड्डा, ना पाइप, ना कुदळ! अख्ख्या बोळात नवे दगड नीट बसवलेले. त्यांच्या फटींतून गवतसुद्धा उगवलेलं. आणि वरच्या टोकाला, गार सावलीत, ऐटीत उभी होती एक निळी स्कूटर. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर चक्क प्लॅस्टिकही घातलेलं!

“चार महिने मी इथे रोज चादरी वाळत घालतेय,” कडक हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. “आणि एकदाही खाली वाकून बघितलं नाही.”

संध्याकाळी तिघं छापखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. सव्वासहाला मुकादम आले. इकडेतिकडे बघत त्यांनी कुलूप उघडलं. आतून आवाज आला, खॉ, खॉ, टर्रर्र! स्कूटर बाहेर आली, कुलूप लागलं आणि मुकादम शीळ घालत निघून गेले.

“आई आत्ता ते कुलूप उघडून देईल!” ढापण्या उसळून म्हणाला.

पण मावशीनं साफ नाही म्हटलं. “दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. किल्लीवालीनं एवढं एक पाळलंच पाहिजे.” मग तिनं हातातली कानस खाली ठेवली. “पण दुसऱ्याला ते उघडायला लावलंत, तर माझी काही हरकत नाही.”

“आपण ओरडून सगळ्यांना सांगू या!” ढापण्या म्हणाला.

“आणि उद्या तो स्कूटर दुसरीकडे लावेल,” कडक म्हणाली. “पत्रा तिथेच राहील. काम चालू आहे!”

गुडघ्यांवर हनुवटी टेकून भिंगरी त्या पत्र्याकडे पाहत होती. मग ताडकन उठली.

“ढापण्या, तुझं अक्षर चांगलं आहे ना? कागद आण. आपण अर्ज करू या!”

दुसऱ्या दिवशी मुकादम कुठेतरी पाहणीला गेलेले बघून तिघं विभाग कार्यालयात थेट मुख्य अधिकारी असलेल्या मोठ्या बाईंच्या टेबलाशी गेली. बाईंनी चष्मा लावून अर्ज मोठ्यानं वाचला.

“‘खालच्या व वरच्या गल्लीमधील बोळात पाइपाचे मोठे काम चालू असल्याने तो बंद आहे, असे आम्हांस सांगण्यात आले. तरी अशा धोक्याच्या जागी एक निळी स्कूटर उभी आहे. कामगार तिला अडखळून पडतील अशी काळजी वाटते. ती कोणाची, हे तिच्यावर लिहिलेले नाही. तरी ती उचलून न्यावी, ही विनंती.’” त्यांनी वर पाहिलं. “हे सगळं खरं आहे?”

“एकूण एक शब्द!” कडक म्हणाली. “पोच द्या, बाई. शिक्का मारून.”

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं. शिक्का खाडकन बसला.

त्यानंतर तीन दिवस काहीच झालं नाही. भिंगरी बोटांवर दिवस मोजत होती. वेतकाकांनी कपड्यांची एक पेटी भरायला घेतली होती. भिंगरी घड्या घालायला गेली, पण तिचे हात चालेनात. एक सदरा तिनं चारदा घडी घालून चारदा मोडला.

“राहू दे गं,” काका म्हणाले. “तुझ्या मनात नाहीये, ते सदऱ्यालाही कळतंय.”

आणि चौथ्या दिवशी अकरा वाजता ढापण्या जिन्यातूनच ओरडला, “आली! गाड्या उचलणारी गाडी आली! मोठ्या बाईपण आल्यात!”

वळसा घालून तिघं धापा टाकत पोचली, तेव्हा वरच्या गल्लीत ही गर्दी जमली होती. गाडीवाल्यानं पकडीनं कुलूप तोडलं. पत्र्याचं दार किंचाळत उघडलं. आतली स्कूटर दोरखंडानं बांधून वर उचलली जाऊ लागली, तोच कार्यालयाच्या दिशेनं आरोळी आली.

“अहो, थांबा! थांबा! ती माझी आहे!”

मुकादम धावत आले आणि जागच्या जागी गार झाले. समोर मोठ्या बाई उभ्या होत्या.

“तुमची? बंद बोळात? चालू कामात?”

“नाही, म्हणजे, बाई, तो पाइप...”

“केवढा पाइप आहे हो?” गर्दीतून कडकनं विचारलं.

सगळी गल्ली हसली. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या एकट्याच आत गेल्या, नव्या दगडांवरून दुसऱ्या पत्र्यापर्यंत चालल्या आणि परत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“चूक एकट्या मुकादमांची नाही,” त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “दर महिन्याला ‘काम चालू’ या कागदावर सही मी करत होते. माझ्या खुर्चीपासून दोन मिनिटांच्या अंतरावर, आणि मी एकदा येऊन बघितलं नाही! या मुलांनी बघितलं. शाबास रे पोरांनो! मुकादम, दोन्ही पत्रे आत्ता काढायचे. तुम्ही स्वतः!”

चार वाजता खालचाही पत्रा निघाला. बोळातून गार वाऱ्याचा एक झोत आला आणि लाँड्रीतल्या चादरी हलल्या.

वेतकाका काठी घेऊन खाली आले, पण बोळाच्या तोंडाशी थांबले. भिंगरीनं हात पुढे केला. त्यांनी तो नुसता थोपटला आणि सोडला.

“पाय विसरले असले तर?” ते तिलाच ऐकू येईल असं म्हणाले.

“मी मागेच आहे, काका.”

ते निघाले. उजवी बोटं भिंतीवर, डाव्या हाती काठी. मधेच थबकले, काठी दोनदा आपटली. “दगड बदललेत. आवाज कोरा आहे.” पुन्हा निघाले. शेवटी शेवटी त्यांची चाल इतकी वाढली की भिंगरीला पळावं लागलं!

दुकानाचं दार उघडताच वाळल्या वेताचा वास बाहेर आला. न विणलेल्या सात खुर्च्या तशाच होत्या. काका एकेका खुर्चीवरून हात फिरवत गेले, मग म्हणाले, “भिंगरे, पुतण्याला फोन लाव. म्हणावं, येईन, पण चार दिवस पाहुणा म्हणून. इथे कामं पडलीत.”

बारावा दिवस उजाडला. भिंगरीला न्यायला बाबा आले. ते घाईत होते. पाचची बस गाठायची होती, पण गल्ली त्यांना पुढे जाऊ देईना. बेकरीवाल्या काकांनी हात धरून थांबवलं, “तुमच्या लेकीनं काय केलं, कळलं का?” लाँड्रीवाल्या काकूंनी तीच हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मावशीनं भाचीला जवळ घेऊन तिचे केस विस्कटले. वरच्या गल्लीत छापखान्याच्या मालकांनी तर तिघांची नावं मोठ्या टायपात छापून दारावर लावली होती. वेतकाका हात पुसत दुकानातून बाहेर आले. “अहो, डोळस माणसं इथे पुष्कळ होती,” ते म्हणाले. “पण हिला आमची आठवण येत होती. म्हणून हिला दिसलं.”

बाबांनी भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला.

परत येताना ते बोळात इतके हळू चालायला लागले की भिंगरीला वाटलं, त्यांचा पाय दुखतोय.

“बाबा, बस जाईल ना!”

बाबा थांबले. दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे, वरच्या आभाळाच्या अरुंद पट्टीकडे त्यांनी पाहिलं. पलीकडून मावशीच्या कानशीचा आवाज येत होता.

“सहाची पण असते एक,” ते म्हणाले. “नाहीतर सातची.”

आणि बॅग खाली ठेवून ते भिंतीला टेकून उभे राहिले.