बंद, चालू, बंद

तो आला आणि थेट बाबांच्या खुर्चीत बसला.

"ती नको," मी म्हटलं.

तो चटकन उठला, एक रिकामं खोकं ओढून त्यावर बसला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. कारण विचारलं नाही. मला ते बरं वाटलं.

आमचा चष्म्याच्या काचा घासायचा छोटा कारखाना. बाबांना जाऊन सात महिने झाले होते. ऑफिस मी बघत होते. मागच्या आठवड्यात काकाने मेल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये काहीतरी बदललं आणि दोन दिवस एकही ऑर्डर आली नाही. "मी हातसुद्धा लावला नाही," म्हणून त्याने कानावर हात ठेवले. म्हणून या सर्व्हरवाल्याला बोलावलं.

"यापुढे कुणी सेटिंग बदललं, की मेल येईल," तो म्हणाला. "कुणी, काय, किती वाजता. कुणाला पाठवू?"

"मला."

"आणखी कुणाला? चूक एकट्यालाच कळली, की माणूस ती दडपतो."

"मग तुम्हीच घ्या, एवढी हौस असेल तर."

"घेतो की," तो हसला. काचेची बारीक धूळ त्याच्या पापण्यांवर बसली होती...

"अगं, खोक्यावर काय बसवतेस त्याला!" काका दारातून ओरडला. "निदान पाणी तरी विचार!"

महिन्याभराने एका दुपारी मी बाबांचा मेलबॉक्स बंद करायला बसले. जुनी गिऱ्हाइकं अजून त्यांनाच लिहायची, उत्तरं राहून जायची. बंद केला. मग वाटलं, आता कुणी लिहिलं तर सर्व्हर कळवणार — या पत्त्यावर कुणी नाही. चालू केला. पुन्हा बंद...

तासाभरात तो दारात उभा, धापा टाकत.

"अकरा मेल आले," तो म्हणाला. "बंद, चालू, बंद, चालू..."

मेल त्यालाही जातात, हे मी विसरलेच होते. कान तापले.

"हसायला आलात?"

"नाही. आधी वाटलं, तुमच्या नावाने चोर शिरला. मग कळलं — तुम्ही."

"कसं काय?"

"चोर इतका विचार करत नाही."

मी त्याला सर्व्हरच्या त्या उत्तराबद्दल सांगितलं. त्याने एक खोकं ओढलं आणि बसला.

"बंद नका करू," मग हळूच म्हणाला. "त्यांची पत्रं तुमच्याकडे वळवू. आणि उत्तर सर्व्हरचं नको... तुम्ही लिहा."

मी लिहिलं: 'बाबा गेले. काम चालू आहे. त्यांची मुलगी.' 'चालू' हा शब्द सुचेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"आता तुम्हाला त्या मेलच्या यादीतून काढायला हवं," मी डोळे पुसत म्हटलं. "उगीच धावपळ."

"काढा. पण त्याचाही मेल मला येईल... आणि मी पुन्हा धावत येईन. माझं काय चुकलं, विचारायला."

"कुठल्याही गिऱ्हाइकाकडे असेच धावता?"

"बाकीच्यांना फोन करतो," तो म्हणाला, आणि लाजला.

मी घड्याळाकडे पाहिलं.

"मग उद्या चारला काढते," मी म्हटलं. "चहाच्या वेळेला."