जाऊबाईंचा स्कॅन

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. एका गुरुवारी, भरदुपारी सव्वादोन वाजता, इस्पितळाच्या तळघरातल्या एमआरआयच्या खोलीत.

ती तिथली टेक्निशियन. वीस वर्षांत मुरलेली. शंकेखोर इतकी, की कुलूप लावून चारदा ओढून बघणार.

त्या दिवशी मशीनमध्ये तिच्याच थोरल्या जाऊबाई होत्या. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचं गर्भाशय काढलं होतं. गाठ परत आली नाही ना, एवढंच बघायचं होतं.

"हलू नका हं," ती माइकवर म्हणाली.

"हलायला जागा कुठंय? तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा अरुंद आहे हे!"

ती हसली. मशीनची धडधड सुरू झाली.

पहिलं चित्र उमटलं...

गर्भाशय होतं.

जागच्या जागी. आणि त्याच्या तोंडाशी लिंबाएवढी गाठ.

आधीच्या पेशंटची फाईल उघडी राहिली का? नाव तपासलं. जाऊबाईंचंच.

तेवढ्यात... बेल वाजली.

पेशंटच्या हातात रबरी फुगा असतो, घाबरलं की दाबायचा. ती आत धावली. जाऊबाई डाराडूर झोपल्या होत्या. फुगा हातातून सुटून खाली लोंबकळत होता.

"तूच काहीतरी घोळ घातलास," तिने बोलावलेले डॉक्टर पडद्यावरची गाठ मोजत म्हणाले. चार सेंटिमीटर. "पुन्हा घे."

पुन्हा घेतला. सगळं स्वच्छ! जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला.

पण मग पहिली चित्रं कुणाची?

ती बघत बसली. उजवीकडे झुकलेलं गर्भाशय. दोन सिझेरियनचे व्रण. आत तांबी, जराशी तिरकी...

तिचा हात ओटीपोटावर गेला.

मशीन नवं आलं तेव्हा चाचणीसाठी तीच आत झोपली होती. ती जुनी चित्रं काढून तिने शेजारी लावली. झुकाव तोच. व्रण तेच. तांबीही तशीच तिरकी.

जुन्या चित्रांत फक्त गाठ नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तिने स्वतःचा स्कॅन करून घेतला.

"ठणठणीत आहेस," डॉक्टर म्हणाले. "घरी जाऊन झोप."

झोप कसली येते!

दीड वर्ष झालं. दर तीन महिन्यांनी ती मशीनमध्ये जाते. काही सापडत नाही. जाऊबाई रागावतात, "नसतं खूळ घेतलंस डोक्यात!"

गेल्या मंगळवारी तिने त्या गुरुवारची चित्रं पुन्हा उघडली. गाठ मोजली.

साडेपाच.

साठवलेल्या चित्रात गाठ वाढते कशी? तिने चारदा मोजली. साडेपाचच.

हे तिने फक्त मला सांगितलंय. तिचा पुढचा स्कॅन सोमवारी आहे. सोबत ये म्हणाली...

मी हो म्हटलंय खरं. पण मला भीती वाटते.