खिडकीतले दोन गिलास

अध्यक्षसाहेब, त्या दिवशी घंटी तुम्ही वेळेआधी वाजवली. मुद्दाम वाजवली. घड्याळ समोर होतं, वेळ शिल्लक होता, आणि पोरीच्या तोंडात वाक्य अर्धं होतं. ते अर्धं वाक्य पुढं कुठं जाऊन पुरं झालं ते आता ऐका.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा. चिखलीत वाचनालयाच्या पटांगणात थंडीत आठवडाभर व्याख्यानमाला चाले. लांबचे वक्ते येत, संस्कृतीवर बोलत, शाल पांघरून परत जात. पहिला दिवस मात्र तरुणांच्या वादविवादाचा आणि शेवटचा खुल्या चर्चेचा. वादविवादाची रीत अशी, की बाजू आपण निवडायची नाही. अध्यक्षांनी रुपया उडवायचा. छापा पडला तर विषयाच्या बाजूनं बोलायचं, काटा पडला तर विरुद्ध. पोटात काय आहे, ते कोणी विचारत नसे.

सिंधू त्या दिवशी पहिल्यांदाच बोलणार होती. धामणगाव बढ्याच्या दयारामची ही लेक, मास्तरीण व्हायला चिखलीत केसरआत्याकडे राहिलेली. बापानं बुद्धाचा धम्म घेतला त्याला काही वर्षं झाली होती; पण वाचनालयात व्याख्यानमालेच्या समितीच्या खोलीत ते कोणाच्या गावी नव्हतं. सगळ्या बोलणाऱ्यांना कपबश्या आल्या. सिंधूचा चहा काचेच्या गिलासात, खिडकीत, वेगळा.

तिनं हात पुढं केला, तेवढ्यात एक उंच पोरगा धापा टाकत आत शिरला. केसांत कापसाचे तंतू, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. त्यानं खिडकीतला गिलास उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"कोनाचा होता हो?" मग त्याला सुचलं.

"माझा."

"अरे बापा! चुकलो. तुम्ही माझी कपबशी घ्या मंग."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. पोरानं हातातल्या गिलासाकडं पाहिलं, टेबलावरच्या कपबश्यांकडं पाहिलं, मग तिच्याकडं... आणि त्याचे कान लाल झाले. सिंधूनं त्याची कपबशी उचलली, चहा बशीत ओतला, निवांत फुंकर घातली. बशीच्या काठावरून तिचे डोळे हसत होते.

तो इंद्रभान. उकंडरावांचा मुलगा. उकंडराव म्हणजे मोठी जमीन, आणि पटांगणात पहिल्या रांगेतली खुर्ची.

विषय होता, 'आंतरजातीय विवाहानेच समाज बदलेल.' इंद्रभानला छापा आला. तो असा बोलला की मागचे लोक उभे राहिले. सिंधूला काटा! ती शांतपणे म्हणाली, "लग्नाचं मागून पाहू. आधी एका भांड्यात चहा होऊ द्या. याच वाचनालयाच्या खिडकीत आज एक गिलास—"

टण्ण! तीच ती घंटी, साहेब.

वादविवादातल्या पोरांना आठवडाभर चहा समितीच्या खोलीतच असे. दुसऱ्या दिवशी इंद्रभान आला तो सरळ खिडकीपाशी. पुन्हा गिलास उचलला. ह्या वेळी घाई नव्हती.

"आज बी चुकले काय?" सिंधूनं विचारलं.

"नाही. आज पाहून पेलो."

तिसऱ्या दिवशी समितीनं तोडगा काढला. खिडकीत दोन गिलास ठेवले.

"घ्या! तुमाले बी वाळीत टाकलं," ती हसली.

"काऊन, जागा चांगली आहे की. वारा येते, ऊन येते..." तो थांबला. "तुम्ही येता."

सिंधूनं गिलास ओठाला लावला. चहा संपला होता, तरी बराच वेळ लावूनच ठेवला.

मग रोज असंच. आदल्या दिवशी पटांगणात कोणी पंडित 'भारतीय समाजाची एकात्मता' सांगून गेलेला असे, आणि हे दोघं खिडकीत त्याचा एकेक मुद्दा सोलत. मग व्याख्यानात बायकांच्या बाजूनं ती मान वळवे, मधल्या दोरीपलीकडून पुरुषांतला तो आधीच बघत असे. व्याख्यान संपलं की केसरआत्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तो सोबत येई; मध्ये हातभर अंतर, आणि बोलणं मात्र संपता संपत नसे.

सहाव्या दिवशी गल्लीच्या त्या तोंडाशी तो अडखळला. "सिंधू... मले तुमच्याशिवाय..."

"थांबा." तिनं विचारलं, "पहिल्या दिवशी बोलले, ते तुमचं होतं का रुपयाचं?"

"तवा रुपयाचं. आता माझं."

"मंग इथं अंधारात काऊन सांगता? उद्या पटांगणात सांगा. बाबा पहिल्या रांगेत असतीन तुमचे. खिडकीतलं प्रेम मले नाही पायजे, इंद्रभान. खिडकीत मी लय दिवस चहा पेली."

ती वळून चालू लागली. मागं पाहिलं असतं तर पाय अडकले असते, म्हणून पाहिलं नाही. रात्रभर मात्र आत्याला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

शेवटच्या दिवशी खुली चर्चा अर्ध्यावर आली तरी इंद्रभान बसूनच. सिंधूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं. 'आला बापाच्या धाकात,' तिनं मनाशी म्हटलं. आणि तो उठला.

"पहिल्या दिवशी मी छापा पडला म्हून बोललो. आज कोनी रुपया उडवला नाही. दयारामजींच्या सिंधूसंग मले लग्न करायचं आहे. तिची हो असंन तर."

उकंडरावांची काठी खाली पडली. तुमचा हात घंटीकडं गेला, साहेब. अख्ख्या पटांगणानं पाहिला.

बायकांच्या बाजूनं सिंधू उभी राहिली. "घंटीवरचा हात काढा! माझं त्या दिवशीचं बोलणं राह्यलं आहे."

हात निघाला.

तिनं इंद्रभानकडं पाहिलं. त्याच्या केसांत आजही कापूस होता. ती म्हणाली, "हाव." एवढंच, हळूच, पण दोरीपलीकडं बरोबर पोचलं.

मग ती तुमच्याकडं वळली.

"अध्यक्षसाहेब, आमच्या लग्नाचं पहिलं आवतन तुमाले. आता चार लोकांसमोर सांगा, आमच्या मांडवात तुम्ही चहा कशात घेसान? कपात का गिलासात? बोला!"