सरांची शिट्टी

पटलं तर घ्या, नाही तर पुढे सरका. मला कुणाच्या गळी काही उतरवायचं नाहीये. पण त्या दिवशी शेडमध्ये साठेक माणसं होती, आणि असं काही घडलंच नाही असं त्यातला एकही जण आजवर म्हणालेला नाही.

मागच्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे पावणेचार. लख्ख ऊन होतं. भुताखेताची वेळच नव्हती ती.

ही गोष्ट माझ्या दादाची, सख्ख्या मोठ्या भावाची. आणि सरांची.

आमच्या गावात नुसतं ‘सर’ म्हटलं की एकच माणूस. बॉक्सिंगचे सर. पत्र्याच्या त्या शेडमध्ये तीस वर्षं त्यांनी गावची पोरं घडवली. प्रत्येक पोराच्या हाताला पट्ट्या स्वतः गुंडाळायचे. कुणाचा बाप दारू पिऊन मारतो कळलं की संध्याकाळी सर त्याच्या दारात उभे. दादा नववीत नापास झाला, वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं, तेव्हा दोन महिने तो सरांच्या घरी जेवला. सरांची बायको स्वतःच्या लेकरासारखं त्याला वाढायची.

शेडला खेटून लाकडाची वखार होती. तिथली करवत सुरू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून सरांचा एकच नियम होता. शिट्टी. काळ्या दोरीतली जुनी स्टीलची शिट्टी. बाहेरून कुणीही ‘बास, बास’ ओरडो, शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही. आणि वाजली की मूठ हवेत असली तरी खाली.

सर थकल्यावर दादाने शेड हातात घेतली. नियमही तोच ठेवला. त्याची मुलगी चिंगी बोलायच्या आधी हा नियम शिकली, अशी आम्ही चेष्टा करायचो.

आता काडीचं सांगते.

काडी म्हणजे कपडे शिवणाऱ्या मावशींचा एकुलता एक मुलगा. पंधरा वर्षांचा, अंगाने तसाच काडी. पण असा चपळ की कुणाच्या हाताला लागायचा नाही. त्या रविवारच्या तेवीस वर्षं आधी सरावात दादाच्या हातून त्याच्या डोक्याला वर्मी मार बसला. तिसऱ्या दिवशी तो गेला. दादा तेव्हा सोळा वर्षांचा होता.

शेडमध्ये त्या वेळी तिघंच होते. सर, दादा आणि काडी.

सरांनी सगळ्या गावासमोर सांगितलं, “चूक माझी आहे. करवतीच्या गोंगाटात माझं लक्ष गेलं. मी शिट्टी वाजवलीच नाही.”

गावाने त्यांना नको नको ते ऐकवलं. दोन वर्षं शेडकडे कुणी फिरकलं नाही. मग हळूहळू लोकांनी पोटात घातलं, पोरं परत आली. मावशींनी मात्र बोलणं टाकलं ते टाकलंच. सर रस्त्यात समोर आले की त्या रस्त्याची बाजू बदलायच्या, आणि सर मान खाली घालून उभे राहायचे.

सर गेले, त्याला त्या रविवारी वर्ष झालं होतं. दादाने शेडमध्ये सभा ठेवली. रिंगच्या कोपऱ्यात खुर्चीवर सरांचा फोटो, फोटोला ती शिट्टी अडकवलेली. आधी दादाचं भाषण, मग चिंगी आणि केमिस्टच्या मुलीची दोन मिनिटांची मैत्रीची लढत. दोघी तेरा वर्षांच्या. डोक्याला जाड टोप, हातात मोठे ग्लोव्हज. लुटुपुटूचंच होतं सगळं.

आणि पहिल्या रांगेत मावशी येऊन बसल्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

दादा छान बोलला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तो म्हणाला, “सरही माणूसच होते. त्यांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली. एका दिवशी त्यांची शिट्टी वाजली नाही.”

त्याचं वाक्य संपलं...

आणि शेजारी करवत सुरू झाली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. वखार बंद पडून चार वर्षं झालीत. मशीन भंगारात गेलंय. कुणीतरी म्हणालं, मागे घराचं काम चाललं असेल. आम्ही मान्य करून टाकलं. माणूस काय काय मान्य करतो!

दादाने फोटोवरची शिट्टी काढून फुंकली. नीट वाजली. लढत सुरू झाली.

दोन मिनिटं झाली. दादाने शिट्टी फुंकली...

काहीच नाही.

त्याला वाटलं, करवतीमुळे ऐकू आलं नाही. त्याने गाल फुगवून पुन्हा फुंकली. ओठांना शिट्टी गारढोण लागली, असं तो नंतर म्हणाला. आवाज नाही. पोरी थांबेनात. केमिस्टची मुलगी रडत होती, डोळे भीतीने मोठे झाले होते, पण तिचे हात चालूच. एक, दोन, एक, दोन. चिंगीच्या नाकातून रक्ताची धार लागली. आम्ही सगळे ‘थांबा, थांबा’ ओरडत होतो. शिट्टीशिवाय कोण थांबणार होतं?

दादा दोरांखालून आत घुसला. केमिस्टच्या मुलीला मागून कवेत धरून त्याने कोपऱ्यात ओढलं. तिचे हात लुळे पडले.

पण ठोशांचा आवाज थांबला नाही.

थप्... थप्...

चिंगीसमोर कुणीच नव्हतं. तरी तिची मान मागे फेकली जात होती. ओठ फाटला. भुवई फुटली. रक्ताने एक डोळा बुजला, आणि पोरगी दोन्ही हात तोंडासमोर धरून उभीच. बापाने शिकवलं होतं ना, वाजेपर्यंत पडायचं नाही. वहिनी दोर धरून किंचाळत होती.

दादाने चिंगीला मिठीत घेतलं. तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून स्वतःची पाठ मध्ये घातली. त्याला काहीच लागलं नाही. ठोसे त्याच्या आरपार जात होते, आणि खांद्यावरचं ते डोकं प्रत्येक ठोशाला हिसडत होतं.

मी दादाला तसं कधी पाहिलं नव्हतं. त्याने फोटोकडे पाहिलं. मग मावशींकडे.

“मावशी, करवत बंद होती,” तो म्हणाला.

त्या गोंगाटात त्याचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू आला. कसा, ते मला विचारू नका.

“चारच्या सुट्टीला करवत बंद झाली होती. सगळं शांत होतं. सरांनी शिट्टी वाजवली. मी ऐकली. काडीने हात खाली घेतले... मी नाही घेतले. आधी तो मला हसला होता.”

शेजारची करवत थांबली.

भिंतीवरच्या घड्याळात बरोबर चार वाजले होते.

आणि शिट्टी वाजली. लांब, स्वच्छ, सर वाजवायचे तशी. शिट्टी दादाच्या बंद मुठीत होती. ओठांशी कुणाच्याच नव्हती.

चिंगीने हात खाली घेतले. दादाने श्वास सोडला. संपलं, असं मलाही वाटलं.

थप्.

थप्.

मग ती बापाच्या हातांतून खाली घसरली.

मावशी उठल्या. रिंगजवळ गेल्या. दादाला एवढंच विचारलं, “शिट्टीनंतर किती मारलेस?”

“दोन.”

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि निघून गेल्या. जाताना सरांच्या फोटोसमोर मिनिटभर उभ्या राहिल्या. काय म्हणाल्या ते कुणाला कळलं नाही.

चिंगी वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, एवढं कुणी मारलं? आम्ही काय सांगणार, कपाळ? दादा स्वतः चौकीवर जाऊन काडीचं सगळं लिहून देऊन आला. त्याचं पुढे काय होईल ते होवो. माझा राग अजून गेलेला नाही. मरेपर्यंत त्या देवमाणसाने त्याचं पाप डोक्यावर वाहिलं, आणि हा सभेत उभा राहून त्यांची चूक सांगत होता! भाऊ आहे माझा. काय करू?

शिट्टी माझ्याकडे आहे. डब्यात, कपाटात, कुलूप लावून. तिच्यातून एकदाही आवाज आलेला नाही.

पण चिंगीचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणतात, त्या कानाने तिला काहीच ऐकू येणं शक्य नाही.

तरी जेवता जेवता कधीतरी तिचा घास हातातच थांबतो. “आत्या... वाजली,” म्हणते.

मग डोळे गच्च मिटून, खांदे आकसून बसते, आणि दोन्ही ठोशांना दचकते.

आम्ही घास खाली ठेवतो. ती डोळे उघडेपर्यंत थांबतो.